परक्या गल्लीतील पत

घर हलवायचे ठरले की सामानाची यादी होते. भांडी, कपडे, पुस्तके, देवघर, कागदपत्रे यांची एकेक नोंद केली जाते. एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत नसते आणि ती नव्या गावी बरोबर नेताही येत नाही. ती म्हणजे पत. ज्या गल्लीत वीस वर्षे काढली तेथील वाणी चार दिवस थांबतो, घराची किल्ली शेजारी निर्धास्तपणे ठेवता येते, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावावे लागले तर लहान मुलाला समोरच्या घरी झोपवता येते. ही पत कोणत्याही बँकेच्या पुस्तकात लिहिलेली नसते. ती वर्षानुवर्षांच्या देवघेवीतून साठते आणि गाव सोडताच शून्यावर येते.

दुसरे गाव स्वदेशातील असेल तर भाषेच्या आधाराने ती पुन्हा उभी राहते. परंतु देशच बदलला आणि तोही चीनसारखा, जेथे दुकानावरची पाटी वाचता येत नाही आणि शेजाऱ्याचा एकही शब्द कळत नाही, तर कर्त्या गृहस्थाला आणि गृहिणीला अक्षरशः पहिल्या पानापासून खाते उघडावे लागते. व्यापार, नोकरी व शिक्षणाच्या निमित्ताने शांघाय, क्वांगचौ, शनचन, यीवू अशा शहरांत राहणारी भारतीय कुटुंबे हा अनुभव घेतात. परदेशातील पगाराची आणि उंच इमारतींची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तेथील स्वयंपाकघरात पहिली चूल पेटेपर्यंत काय काय घडते, याची चर्चा क्वचितच होते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. पुण्यातील एक दांपत्य पतीच्या बदलीमुळे शाळकरी मुलीसह शांघायला आले आहे. पतीला कार्यालय आहे, तेथे इंग्रजी जाणणारे सहकारी आहेत. मुलीला शाळा आहे. घर चालवण्याचा भार पत्नीवर येतो. पुण्यात दहा माणसांचे घर, सणवार आणि स्वतःची नोकरी एकहाती सांभाळणारी ही बाई येथे आल्यावर साध्या जिऱ्याच्या पुडीसाठी पतीच्या वाटेकडे डोळे लावून बसते. गैरसोय सोसता येते, पण हा परावलंबनाचा सल सोसवत नाही. परदेशात घर मांडताना पणाला लागतो तो हाच स्वाभिमान.

पहिला धडा जागेच्या भाड्यापासून सुरू होतो. चीनमध्ये भाडेकरारात 'ठेव एक, भरणा तीन' ही पद्धत सर्रास आढळते. म्हणजे एका महिन्याचे भाडे अनामत आणि तीन महिन्यांचे आगाऊ. भाडे दरमहा ८,००० युआन ठरले असेल, तर किल्ली हाती येण्यापूर्वी ३२,००० युआन मोजावे लागतात. त्यातच मोजण्याची रीत वेगळी. आपण हजार, लाख, कोटी असे चढत जातो. चिनी माणूस दहा हजारांचा एक 'वान' धरतो आणि दहा कोटींचा एक 'यी'. 'तीन वान' म्हणजे तीस हजार. घाईत भाषांतर करणारा दुभाषी एखादे शून्य वाढवतो किंवा गाळतो आणि ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होते. मजल्यांचा हिशेबही निराळा आहे. आपला तळमजला तो त्यांचा पहिला मजला. चार या अंकाचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी मिळताजुळता असल्यामुळे अनेक इमारतींत चौथा मजला नावापुरताही नसतो.

घरात पाऊल ठेवल्यावर सामान उघडण्याआधी करायचे काम म्हणजे पोलीस ठाण्यातील नोंद. १ जुलै २०१३ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने २४ तासांच्या आत आपल्या निवासाची नोंद करणे बंधनकारक आहे. न केल्यास २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. पारपत्र, भाडेकरार आणि घरमालकाची कागदपत्रे घेऊन जावे लागते. काही शहरांत हे काम आता घरबसल्याही होते. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची सवय नसलेल्या मध्यमवर्गीय मनाला हा प्रकार प्रथम अपमानास्पद वाटतो. वस्तुतः भारतातही परदेशी पाहुणा घरी उतरला तर यजमानाने २४ तासांच्या आत ठरावीक अर्ज भरून कळवायचे असते. आपल्या देशात आपण यजमान असतो, म्हणून तो नियम आपल्या लक्षात येत नाही, एवढाच फरक.

त्यानंतर बँक. तेथे सारे काही नावाच्या अक्षरांवर अडते. पारपत्रावर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा लांबलचक मजकूर असतो. तो ज्या क्रमाने आणि जितक्या मोकळ्या जागा सोडून छापला आहे, अगदी तसाच बँकेत, मोबाइलच्या सिमकार्डावर आणि पैसे देण्याच्या अ‍ॅपमध्ये नोंदला गेला पाहिजे. एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसऱ्या ठिकाणी नंतर पडले की खाती एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून अनुभवी लोक सांगतात की पहिल्या नोंदीच्या वेळी अर्धा तास अधिक गेला तरी चालेल, परंतु प्रत्येक अक्षर तपासूनच सही करावी. पुढचे सहा महिन्यांचे हेलपाटे त्या अर्ध्या तासात वाचतात.

ही काळजी आवश्यक ठरते, कारण चीनमधील सारा घरखर्च मोबाइलमधूनच होतो. 'अलीपे' ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली. २०११ मध्ये आलेल्या 'वीचॅट'ने २०१३ मध्ये पैसे देण्या-घेण्याची सोय जोडली. आज भाजीवाली, चांभार, रिक्षावाला सर्वांकडे चौकोनी ठिपक्यांची पाटी असते. आपल्याकडे २०१६ नंतर यूपीआय रुळल्यामुळे भारतीय माणसाला यात नवल वाटत नाही. परंतु खाते जोडले जाईपर्यंतचे पहिले काही दिवस कठीण जातात. रोख रक्कम नाकारता येणार नाही असे तेथील मध्यवर्ती बँकेने बजावलेले आहे, तरी छोट्या दुकानदाराकडे शंभराच्या नोटेचे सुटे असतीलच असे नाही. २०२३ पासून परदेशी कार्डे या अ‍ॅपना जोडणे सुकर झाले आणि मार्च २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा १,००० डॉलरवरून ५,००० डॉलरपर्यंत वाढली. तेव्हापासून नवागताचा हा सासुरवास पुष्कळ कमी झाला आहे.

पैसे देता येऊ लागले की बाजारात पाऊल पडते. भाजी मंडईतील वजनाचे माप 'जिन' हे आहे. जैन वाचकाचे कान या शब्दाने टवकारतील. परंतु उच्चाराच्या सारखेपणापलीकडे त्याचा आपल्या 'जिन' शब्दाशी संबंध नाही. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. पाटीवर लिहिलेला भाव किलोचा समजून घेतला, तर भाजी दुपटीने महाग पडते. जिनचा दहावा भाग म्हणजे 'ल्यांग'. १९५९ पूर्वी एका जिनमध्ये सोळा ल्यांग असत. आपल्या जुन्या शेरातही सोळाच छटाक होते, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. अर्धा जिन आणि आठ ल्यांग, म्हणजे दोघे सारखेच, अशी एक म्हण चिनी भाषेत आजही वापरात आहे. माप गेले, म्हण उरली.

सवलतीच्या पाट्याही नवख्याला चकवतात. दुकानावर '८' हा आकडा आणि त्यापुढे सवलतीचे अक्षर दिसले की आपल्याला वाटते, आठ टक्के सूट. खरा अर्थ असा की मूळ किमतीच्या दहापैकी आठ भाग द्यायचे, म्हणजे वीस टक्के सूट. आकडा जितका लहान तितकी सवलत मोठी. पंचाहत्तर टक्के किंमत घ्यायची असेल तर पाटीवर '७.५' लिहिलेले असते. शिवाय बोटे दाखवून मोजण्याची तऱ्हा निराळी. एकाच हाताने दहापर्यंत आकडे दाखवतात. अंगठा आणि करंगळी ताठ धरली तर सहा, अंगठा आणि तर्जनी पसरली तर आठ. भाजीवालीने दोन बोटे दाखवली म्हणून दोन युआन द्यावेत आणि तिने आठ मागितलेले असावेत, असे घडते. भाषेचे स्वर तर त्याहून अवघड. 'माय' हा उच्चार आवाज खाली नेऊन पुन्हा वर आणत केला तर 'विकत घेणे' आणि वरून झटक्यात खाली आणला तर 'विकणे'. जमा आणि खर्च हे दोन्ही रकाने एकाच अक्षरात राहतात.

आता स्वयंपाकघर. चीनमध्ये शाकाहारी माणसाची उपासमार होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. मंडईत हिरव्या भाज्यांचे जे ढीग दिसतात ते पाहून कोणत्याही गृहिणीचे मन प्रसन्न व्हावे. आले, कोथिंबीर, कारली, दोडके, चवळीच्या लांब शेंगा सहज मिळतात. उन्हाळ्यात तांबडा माठ येतो. मायाळूही ओळखीचा चेहरा घेऊन भेटतो. अख्खे मूग तर घरोघरी असतात, कारण उन्हाळ्यात मुगाचे गोडसर पाणी पिण्याची तेथे रीत आहे. तीळ आणि शेंगदाणे मुबलक. जिरे शिनच्यांग प्रांताच्या पदार्थांमुळे देशभर पोहोचले आहे. हळद पारंपरिक औषधांच्या दुकानात मिळते. आणि लाटणे! ते तर सर्वत्र मिळते, कारण तेथील उकडलेल्या करंज्यांच्या पाऱ्या लाटायला ते लागतेच. मिळत नाही ती तुरीची डाळ, मिळत नाहीत जाड पोहे, आणि बाजारातील पीठ बहुधा मैद्यासारखे पांढरे असते. दही मिळते, परंतु पुष्कळदा साखर घातलेले. बिनसाखरेच्या दह्याचे एक भांडे शोधून त्याचे विरजण लावले की पुढची चिंता मिटते. विजेचा दाब २२० व्होल्ट असल्याने भारतातील मिक्सर चालतो, फक्त प्लगच्या पिना बदलणारा जोड घ्यावा लागतो.

खरी कसोटी घराबाहेरच्या जेवणाची. चिनी भाषेत 'मांस' असा नुसता शब्द उच्चारला तर त्याचा अर्थ डुकराचे मांस असा होतो. म्हणून 'मांस नको' असे सांगणाऱ्यासमोर कोंबडीचा रस्सा येऊ शकतो आणि आणणाऱ्याच्या मनात कपटाचा लेशही नसतो. पालेभाजीवर खिमा भुरभुरलेला असतो, परतायला चरबी वापरलेली असते, चवीसाठी कालवांचा सॉस किंवा कोंबडीचा अर्क घातलेला असतो. पाने तेवढी निवडून खा, असा सल्ला सद्भावनेने मिळतो. अशा वेळी चिडून उठणे सोपे असते. परंतु यापेक्षा उपयोगी असा एक शब्द त्या भाषेत दीड हजार वर्षांपासून आहे, तो म्हणजे 'सू'.

'सू' म्हणजे साधे, न रंगवलेले, निरामिष. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ५०२ ते ५४९ या काळात राज्य करणाऱ्या ल्यांग घराण्यातील सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंसाठी मांस व मद्य वर्ज्य ठरवण्याचा आग्रह धरला आणि चिनी बौद्ध परंपरेत निरामिष आहाराला बळ मिळाले. आजही अनेक श्रद्धाळू कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'सू' जेवतात. मंदिरांच्या आसपास अशी भोजनालये असतात. शांघायमधील 'कुंग्डलिन' हे निरामिष भोजनालय १९२२ पासून प्रसिद्ध आहे. 'मी मांस खात नाही' असे सांगितले तर समोरचा कारण विचारतो. 'मी सू खातो' असे सांगितले तर तो मान डोलावतो. नकाराच्या जागी एक ओळखीचे व्रत त्याच्या कानी पडते. कडक बौद्ध आहारात तर लसूण, कांद्याची पात आणि त्या वर्गातील इतर उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात, हे कळल्यावर पुण्याच्या त्या गृहिणीला आपण अगदीच परक्या मुलखात नाही असे वाटले तर आश्चर्य नाही. सावधगिरी मात्र सोडता येत नाही. 'सू' आहारात मुळा, बटाटा, रताळे वर्ज्य नाहीत, आणि अंड्यांबाबत सर्वत्र एकमत नाही. कंदमूळ टाळणाऱ्यांनी ते वेगळे सांगावेच लागते. एका कागदावर चिनी लिपीत काय चालते आणि काय चालत नाही हे स्वच्छ लिहून घेऊन तो जवळ बाळगावा, हा सर्वांत उपयोगी उपाय.

आता पाणी आणि हवा. नळाचे पाणी तेथे थेट पीत नाहीत. ते उकळतात किंवा १८.९ लिटरचे मोठे बाटले मागवतात. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक आरोग्य मोहिमेने उकळलेल्या पाण्याची सवय देशभर रुजवली. सर्दी, डोकेदुखी, पोटदुखी, मनस्ताप अशा कोणत्याही तक्रारीवर चिनी शेजारीण पहिला उपाय सांगते तो गरम पाण्याचा. आपल्या आजीबाईंच्या बटव्याची आठवण यावी इतका तो सल्ला ओळखीचा आहे.

हिवाळा मात्र अनोळखी ठरतो. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला सरकारी व्यवस्थेतून घरे गरम ठेवली जातात. बीजिंगमध्ये हा काळ साधारणपणे १५ नोव्हेंबर ते १५ मार्च असतो. शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला. त्यामुळे बीजिंगमध्ये बाहेर बर्फ असताना लोक घरात पातळ कपड्यांत वावरतात आणि शांघायमध्ये पारा शून्याच्या जवळ गेला तरी घरातच कोट घालून बसावे लागते. जूनच्या सुमारास यांगत्सेच्या खोऱ्यात आलुबुखारासारखी फळे पिकण्याच्या दिवसांत सततचा पाऊस येतो. कपाटातील कपड्यांना बुरशी धरते, चामड्याच्या चपला पांढऱ्या पडतात. कोकणातून आलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. देशावरच्या माणसाला ते शिकावे लागते. ऊन पडले की सारी इमारत गाद्या-गोधड्या बाहेर काढते. ते दृश्य पाहून आपणही आपली रजई बाहेर काढावी, कोणाला विचारण्याची गरज नसते.

विचारावे लागते ते कचऱ्याबाबत. १ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये कचऱ्याचे चार वर्ग करणे सक्तीचे झाले: पुन्हा वापरता येणारा, घातक, ओला आणि सुका. चूक करणाऱ्या व्यक्तीला ५० ते २०० युआन दंड होऊ शकतो. अनेक वसाहतींत सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळीच कचरा टाकता येतो. आपल्याला वाटते, नारळाची करवंटी ओल्या कचऱ्यात जाईल. तेथे ती सुक्यात जाते. या गोंधळातून शांघायच्या लोकांनीच एक गमतीदार नियम काढला: डुक्कर जे खाईल ते ओले, जे खाणार नाही ते सुके, जे खाऊन मरेल ते घातक, आणि जे विकून डुक्कर विकत घेता येईल ते पुन्हा वापरण्याजोगे. पेट्यांपाशी उभी असलेली स्वयंसेविका बहुधा निवृत्त वयाची असते. ती पिशवी उघडून पाहते, मान हलवते, हाताने दाखवते. पहिल्या आठवड्यात हा उपद्रव वाटतो. दुसऱ्या महिन्यात असे ध्यानात येते की संपूर्ण वसाहतीत आपल्याशी रोज बोलणारी ती एकमेव व्यक्ती आहे.

आणि मग 'आयी'. तासाच्या हिशेबाने घरकामाला येणाऱ्या स्त्रीला शांघायमध्ये आयी म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ आईची बहीण, अर्थात मावशी. आपणही घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईंना मावशीच म्हणतो. दोन दूरच्या समाजांनी एकाच गरजेसाठी एकच नाते उसने घ्यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पगार देऊन घेतलेल्या कामाला नात्याचे नाव दिले की त्याबरोबर काही जबाबदारी येते. आयी घरात येताना चपला दाराशी काढते, जशा आपण काढतो. तिला पोळी कशासाठी लाटतात हे पाहावेसे वाटते. गृहिणीला कोणत्या दुकानात ताजा टोफू मिळतो हे जाणून घ्यायचे असते. फोनमधील भाषांतर करणारे यंत्र दोघींच्या मध्ये ठेवलेले असते आणि ते पुष्कळदा चुकते. त्या चुकांवर दोघी हसतात. जी बाई वर्षभर मालकीण राहू पाहते तिला घर झाडून मिळते. जी शिष्या होते तिला शहर मिळते.

येथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले ते पाहुणे म्हणून. परंतु ते चिनी भाषा शिकले आणि रुग्णांशी व विद्यार्थ्यांशी त्याच भाषेत बोलू लागले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी विवाह करून युद्धाच्या धामधुमीत संसार मांडला. १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव 'यिन्ह्वा' ठेवले. त्यात 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वैद्यकीय सेवेचा गौरव सर्वत्र होतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्या सेवेआधी भाषेचे पहिले शब्द अडखळत उच्चारणारा, चुकणारा आणि तरीही बोलत राहणारा एक तरुण मराठी माणूस होता, याचीही आठवण ठेवावी.

या साऱ्या किरकोळ देवघेवीचे मोल कधी कळते? ते कळले २०२२ च्या वसंत ऋतूत. महासाथ रोखण्यासाठी शांघायमध्ये २८ मार्चला नदीच्या पूर्वेकडील भाग आणि १ एप्रिलला पश्चिमेकडील भाग बंद करण्यात आला. मुदत काही दिवसांची सांगितली होती. टाळेबंदी प्रत्यक्षात उठली ती १ जूनला. सुमारे अडीच कोटी वस्तीचे शहर घरात बसले. दुकाने बंद, घरपोच माल आणणारी माणसेही घरात अडकलेली. मोबाइलमध्ये पैसे होते, परंतु त्या पैशांनी कोबीचा गड्डा मिळेना. सरकारी मदतीची खोकी येत, पण ती सर्वत्र सारखी आणि वेळेवर पोहोचत नव्हती. एका घराने मागणी नोंदवली तर कोणी माल आणत नव्हते. पुरवठा करणारे मोठ्या मागणीलाच तयार होते. तेव्हा वसाहतीतील रहिवाशांनी वीचॅटवर गट केले. प्रत्येक गटात एक जण पुढाकार घेई, कोणाला किती तांदूळ, किती भाजी, किती दूध हवे याची यादी करी आणि सर्वांची मिळून एकच मागणी नोंदवी. या पुढाऱ्यांमध्ये गृहिणींची संख्या मोठी होती. इमारतींच्या आत वस्तुविनिमय सुरू झाला. कोणी बटाटे देऊन अंडी घेतली, कोणी शीतपेयाच्या बाटलीच्या बदल्यात भाजी.

त्या दिवसांत परदेशी कुटुंबांची स्थिती दोन प्रकारची झाली. जे गटात नव्हते, ज्यांना शेजाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते, त्यांच्या दाराबाहेर काय चालले आहे हेच त्यांना कळेना; यादीची वेळ टळून जाई. जे गटात होते, त्यांच्यासाठी कोणी तरी सूचना सोप्या शब्दांत पुन्हा लिही, कोणी यादीत त्यांचे नाव आठवणीने घाली. निरामिष घराला काय चालत नाही हे ज्या शेजाऱ्याला आधीच ठाऊक होते, त्याला ऐन अडचणीत ते समजावून सांगावे लागले नाही. बँकेतील शिल्लक दोन्ही प्रकारच्या घरांकडे होती. गल्लीतील शिल्लक मात्र एकाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. कचऱ्याच्या पेटीपाशी केलेला रोजचा नमस्कार, सणाला पाठवलेले चार लाडू, मोडक्यातोडक्या भाषेत विचारलेले 'जेवलात का?' हे सगळे त्या खात्यात जमा झालेले होते. 'जेवलात का?' हा प्रश्न चिनी लोकही एकमेकांना भेटल्यावर जुन्या रिवाजाप्रमाणे विचारतात. त्या वर्षी तो केवळ रिवाज राहिला नाही.

म्हणून चीनला निघालेल्या कुटुंबाने डाळीची पिशवी, औषधे आणि कागदपत्रांच्या प्रती अवश्य न्याव्यात. परंतु तेथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामे करावीत. आपला पत्ता चिनी लिपीत लिहून घ्यावा. तो आपल्या उलट क्रमाने, आधी शहर, मग रस्ता आणि शेवटी खोली, असा असतो. वसाहतीच्या गटात आपले नाव घालून घ्यावे. आणि वर, खाली व समोर राहणाऱ्या घरांत जाऊन, मुलाबाळांसह, आपण येथे राहायला आलो आहोत एवढे सांगावे. भेट न्यायची असेल तर मिठाई किंवा फळे न्यावीत. घड्याळ नेऊ नये, कारण त्या भाषेत 'घड्याळ देणे' हे शब्द 'अंत्यसंस्काराला उभे राहणे' यासारखे ऐकू येतात. सहा महिन्यांनी ती पुण्याची गृहिणी जिऱ्याच्या पुडीसाठी कोणाची वाट पाहत नाही. तिची भाषा अद्याप तोकडीच असते, परंतु कोणाला विचारावे हे तिला ठाऊक असते, आणि विचारताना कमीपणा वाटत नाही.

या चित्राची दुसरी बाजूही आपल्या दाराशी आहे. चाकण, रांजणगाव येथील कारखान्यांमुळे परदेशी कुटुंबे आपल्याकडेही राहायला येतात. परप्रांतातून आलेली तर प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांनाही पाण्याची वेळ ठाऊक नसते, सुका कचरा कोणत्या दिवशी नेतात हे कळत नाही, दूधवाल्याशी बोलता येत नाही. ती माणसे जिन्यात खाली मान घालून जातात आणि आपण त्याला शिष्टपणा समजतो. त्यांच्या खात्यातील पहिली रक्कम त्यांना स्वतःला भरता येत नाही. ती आधीपासून राहणाऱ्यानेच भरायची असते. समोरच्या दाराची घंटा वाजवून, कचऱ्याची गाडी सकाळी किती वाजता येते एवढे सांगितले तरी खाते उघडते.